एका विमानात दोघी

सासूबाई मंगळवारी स्टुलावरून पडल्या आणि पडल्या-पडल्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "चिप हलली नाही ना गं?"

मी त्यांचं डोकं बघत होते, डोळे बघत होते, रक्त कुठून येतंय का ते शोधत होते. आणि त्या मला मशीनकडे बोट दाखवत होत्या. डाव्या हाताचं बोट, कारण उजवं मनगट तोवर टम्म फुगलं होतं.

चिप हलली नव्हती. मनगट मात्र मोडलं होतं. प्लास्टर घालून संध्याकाळी घरी आलो तेव्हा शनिवारला चार दिवस उरले होते, आणि शनिवारी दुपारी चार वाजता लाल विमानाचं मशीन गिऱ्हाईकाला खेळून दाखवायचं होतं.

नुसतं चालू करून नव्हे, खेळून. सासूबाई तीस-बत्तीस वर्षं गेम-हॉलची मशीनं दुरुस्त करतात, आणि त्यांच्या दुकानाचा एक नियम आहे. दुरुस्त झालेलं मशीन गिऱ्हाईकासमोर पहिल्या टप्प्यापासून शेवटच्या टप्प्यापर्यंत एका दमात खेळायचं. मधे उघडायचं नाही, बंद करायचं नाही, पुन्हा सुरू करायचं नाही. त्यानंतरच गिऱ्हाईकाची सही. बाकीचे मिस्त्री पडदा उजळला की हात झटकून मोकळे होतात. सासूबाई म्हणतात, "फाटकापर्यंत गाडी चालवून दाखवायची आणि म्हणायचं झाली दुरुस्त, हे मला नाही जमत."

मशीन कपाटाएवढं. पडदा उभा, टीव्ही कुशीवर वळवून बसवल्यासारखा. तळाशी एक लाल विमान, आणि त्याच्याखालून जमीन वरून खाली सरकत राहते: समुद्र, जंगल, शहर, वाळवंट, कारखाने, बर्फ, ढग, आणि आठव्या टप्प्याला काळ्या आकाशात एक लोखंडी किल्ला. शत्रू वरून येतात. थांबतो म्हटलं तर थांबता येत नाही, जमीनच सरकते. डाव्या हाताला विमान फिरवायची दांडी, उजव्या हाताला दोन बटणं. पांढरं गोळ्यांचं, पिवळं बॉम्बचं. विमानं तीन मिळतात. एक लाख गुण झाले की चौथं बक्षीस. सगळी संपली की खेळ खलास, पुन्हा समुद्रापासून सुरुवात.

ज्याचं हे मशीन, त्या हॉलवाल्याला सासूबाई तो शाळेत जायच्या आधीपासून ओळखतात. त्याचे वडील त्यांचं पहिलं गिऱ्हाईक. आता हॉल त्याच्याकडे आलाय. तक्रार अशी होती की आठव्या टप्प्यात किल्ल्याची दारं उघडली की चित्र विस्कटतं आणि किल्ल्याच्या जागी नुसत्या रंगीत फरश्या दिसतात. तो सासूबाईंना म्हणाला होता, "मावशी, शनिवारी शेवटपर्यंत चाललं तर ठेवतो. नाहीतर भागीदार म्हणतो तसं याचं पोट रिकामं करून आत हजार गेमवाला बोर्ड टाकतो. खोकं तेवढं जुनं राहील."

हे मशीन सासूबाईंनी पहिल्यांदा उघडलं तेव्हा माझा नवरा त्यांच्या पोटात होता.  त्या रात्री जेवताना त्यांनी घास तोंडाशी नेऊन परत ताटात ठेवला, आणि "पोट रिकामं करतो म्हणे," एवढंच म्हणाल्या.

चित्र बिघडवणारी चिप काढून त्यांनी दुसऱ्या एका मेलेल्या मशीनमधली चिप तिथे बसवली. ती बसवून मागची फळी वरून आवळताना तर त्या पडल्या. म्हणजे नवी चिप चालते की नाही, हे आम्हालाही माहीत नव्हतं. कळायचा एकच मार्ग होता, आठव्या टप्प्यापर्यंत पोचायचं. मधूनच उडी मारून जायची सोय या मशीनला नाही.

माझ्या नवऱ्याने बुधवारी सकाळी औषधांच्या दुकानात ड्यूटीवर जायच्या आधी हात चालवून बघितला. जंगल काही ओलांडलं नाही. सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "राहू दे रे. तुला स्कूटर वळवता येत नाही, विमान कुठून वळवणार." मग प्लास्टरकडे बघत म्हणाल्या, "पण डावा हात आहे की मला. दांडी मी धरते. बटणं तू."

नवरा चपला घालत होता. म्हणजे ते मला होतं.

"मी?"

"नाहीतर कोण, पिल्लू?"

पिल्लू म्हणजे आमची चौदा महिन्यांची लेक. ती सहा महिन्यांची झाल्यापासून मी तिला घेऊन दुकानात बसते. बोर्ड साफ करते, फोन घेते, चिपांच्या डब्यांवर नावं लिहिते. पण सगळ्यात जास्त वेळ जातो तो स्क्रू वेचण्यात. संध्याकाळी शटर ओढायच्या आधी मी डबीतले स्क्रू मोजते, आणि एक जरी कमी भरला तरी पिल्लूचं तोंड उघडून बघते. सासूबाई म्हणतात, "एकदाचं चुंबक फिरव तिच्या पोटावरून, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल." पिल्लूला बसायला त्यांनीच एका रिकाम्या मशीनचं खोकं आडवं करून दिलंय. त्याच्या कडा मी तीन वेळा घासल्या, वर फोम चिकटवला, तरी रोज एकदा हात फिरवून बघतेच.

अशा बाईच्या हातात बॉम्ब.

बुधवारी आमची जी काही फजिती झाली ती सांगण्यासारखी नाही. दांडी-बटणांची पाटी एका माणसाच्या रुंदीची, आणि तिच्यासमोर दोघी उभ्या. मधे झोळीतलं प्लास्टर. "सरक थोडी." "तुम्ही सरका, माझ्या बटणावर तुमचं कोपर आहे." त्या दांडी वळवणार एकीकडे, मी अंग वळवणार दुसरीकडे, जसं काही माझ्या वाकण्याने विमान वाकणार होतं. समुद्रातच तिन्ही विमानं बुडवली.

"आई, खाली राहा ना, खाली! वर कशाला जाताय मरायला?"

"खाली राहिलं की मरतो," त्या म्हणाल्या. "बघ. बटण दाबलं की दोन गोळ्या सुटतात. पडद्यावर एका वेळी चारच मावतात. त्या कशाला तरी लागेपर्यंत किंवा वर निघून जाईपर्यंत पाचवी सुटत नाही. तू तळाशी बसलीस तर गोळीला आख्खा पडदा चढून जावं लागतं, तोवर तुझं बटण मेलेलं. शत्रूच्या नाकाशी जा, मग बघ."

त्यांनी विमान एका मोठ्या बोटीच्या तोंडाशी नेलं. मी डोळे अर्धे मिटूनच दाबत होते, आणि काय सांगू, बटण जिवंत झालं. टरटरटर. गोळी सुटते तोच लागते, लागते तोच दुसरी सुटते. बोट दोन श्वासांत फुटली.

असं एकेक कळत गेलं. शत्रूची गोळी आपला पाठलाग करत नाही, सुटताना आपण जिथे होतो तिथे येते. म्हणून घाबरून सैरावैरा पळायचं नाही, टुकूटुकू एका बाजूला सरकत राहायचं, गोळ्या आपोआप मागे पडतात. भिंत जवळ आली की एकदाच झटक्यात परत फिरायचं. पंखाला लागलेली गोळी लागतच नाही. विमानाचा जीव फक्त मधल्या काचेत, तिळाएवढा. दोन गोळ्यांच्या फटीतून आख्खं विमान जाताना दिसत नाही, पण काच जाते. पहिल्यांदा त्या तशा फटीतून गेल्या तेव्हा मी ओरडले. पिल्लू खोक्यात उभी राहिली आणि तीही ओरडली. मग तो तिचा खेळच झाला.

मधेच एक जाडं विमान येतं, ते फोडलं की रंग बदलणारी पेटी पडते. लाल असताना घेतली तर गोळ्या पंख्यासारख्या पसरतात, निळी असताना घेतली तर सरळ एका रेषेत, पण घणासारख्या.

"लाल! आई, लाल घ्या, सगळीकडे लागतं!"

"सगळीकडे लागतं म्हणजे कुठेच धड लागत नाही. निळी होऊ दे."

"तोवर बाजूचे येतील ना!"

"येऊ देत. मी आहे दांडीवर."

खरं भांडण झालं पिवळ्या बटणावरून. प्रत्येक विमानाला तीन बॉम्ब. बॉम्ब फुटला की सगळ्या पडद्यावरच्या गोळ्या गिळून टाकतो. सासूबाईंचा हुकूम होता, "मी 'आता' म्हणेन तेव्हाच." त्या "आता" म्हणायच्या, मी त्याच क्षणी दाबायचे, आणि आम्ही मरायचो. गुरुवारी सकाळपासून नऊ वेळा. दर वेळी मी उशीर केला असं त्यांचं म्हणणं, आणि दर वेळी मी तर डोळ्यांत तेल घालून बसलेली.

दहाव्या वेळी माझ्या लक्षात आलं. दाबल्याबरोबर बॉम्ब फुटत नाही. आधी तो वर उडतो, एक-दोन म्हणेपर्यंत हवेत असतो, आणि मग उघडतो. त्या एक-दोनमध्ये आपल्याला वाचवणारं कोणी नसतं.

"तुम्ही एरवी कधी दाबता?" मी विचारलं.

त्यांनी विचार केला. बराच केला. "मला नाही माहीत. हात दाबतो."

"म्हणजे तुमचा हात तुमच्या तोंडाच्या आधी दाबतो. आता तो झोळीत आहे. तुम्ही बघणार, मग बोलणार, मग मी ऐकणार. तोवर संपलं."

"मग?"

"मी विचारणार नाही. मला भीती वाटली की दाबेन."

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना झोळी सांभाळावी लागली. "अगं, मग पहिल्या मिनिटात तिन्ही जातील! तुला कशाची भीती वाटत नाही ते सांग आधी."

आणि गेलेच. पहिल्या मिनिटात तिन्ही. एक तर बॉम्ब मी नुसत्या ढगाला टाकला. पण दुपारभर खेळता खेळता मला एक गोष्ट उमगली. भीती दोन ठिकाणी वाटते. पोटातली असते ती कायमचीच, स्क्रूची, प्लगच्या भोकांची, जिन्याची. ती असतेच, तिच्याकडे बघायचं नाही. दुसरी मानेवर येते. शेजारच्या खोलीत खेळणारं मूल अचानक गप्प झालं की हातातलं भांडं टाकून आपण धावतो ना, ती. ती आली की विचार करायचा नाही, पिवळं दाबायचं. एक, दोन, आणि पडदा पांढरा. त्याच क्षणी सासूबाई म्हणणार, "आता!" आणि मी म्हणणार, "झालं."

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही ढगांपर्यंत, म्हणजे सातव्या टप्प्यापर्यंत पोचलो. चौथं, बक्षिसाचं विमान तिथे गेलं. किल्ला काही दिसला नाही. सासूबाई म्हणाल्या, "उद्या सकाळी खेळायचं नाही. हात ताजे ठेवू." त्या वर झोपायला गेल्या आणि मी मशीनची मागची फळी उघडली, उद्या पाहुणा येणार तर बोर्ड जरा स्वच्छ दिसावा म्हणून.

शनिवारी चारला पाच मिनिटं कमी असताना हॉलवाला आला. दाराशी टेम्पो उभा केला, आणि त्यात समोरच्या सीटवर नव्या बोर्डाचं सीलबंद खोकं मला काचेतून दिसलं. तयारीनेच आला होता. माणूस वाईट नाही. पिल्लू झोपलीय म्हटल्यावर बूट हातात घेऊन आत आला.

"मावशी, हाताला काय झालं? अहो, मग कोण खेळणार?"

"आम्ही," सासूबाई म्हणाल्या. "तू बस तिथे."

तो बसला नाही. आमच्या मागे उभा राहिला. सासूबाईंनी दांडी धरली, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घाम पूस." मी तळवे पुसले. खेळ सुरू झाला.

समुद्र कधी संपला कळलं नाही. जंगलात मात्र मला काहीतरी वेगळं वाटायला लागलं. गोळ्या काल इतक्या भरभर येत नव्हत्या. काल या वळणावर दोन रणगाडे होते, आज तीन. मी स्वतःला म्हटलं, ही पोटातली आहे, बघू नकोस. शहरात शिरताना आकडा एक लाखाच्या वर गेला. बक्षिसाची टिंगटिंग वाजली नाही. कोपऱ्यात विमानं होती तेवढीच राहिली.

"वाजलं का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"कसं नाही?"

आणि माझ्या डोळ्यांसमोर काल रात्रीचा बोर्ड आला. त्याच्या कडेला आठ इवलेसे पांढरे स्विच असतात, नखाने सरकतील असे. खेळ सोपा की कठीण, बक्षिसाचं विमान द्यायचं की नाही, ते त्यांवर ठरतं. मी त्यांच्यामधली धूळ काढली होती. घासून घासून.

"आई, माझ्या हातून एक झालंय."

"आत्ताच सांगायचंय?"

"काल मी बोर्डाला ब्रश मारला. त्या स्विचांवरूनही."

दांडी चालत होती. आम्ही तीन रणगाड्यांच्या मधून निघालो. मी दाबतच होते.

"कुठल्या ब्रशने?"

"पिल्लूच्या बाटलीच्या."

"धुतलास ना नंतर?"

"आई!"

"म्हणजे सगळ्यात कठीणवर आहे, आणि बक्षीस बंद," त्या म्हणाल्या. मागून हॉलवाला पुढे वाकला. "काय झालं, मावशी? पुन्हा सुरू करायचं तर करा. मी थांबतो, मला घाई नाही."

माझ्या तोंडात 'हो' येऊन बसलं होतं. फळी उघडायची, दोन स्विच सरकवायचे, पाच मिनिटांचं काम. कोणाचं काय बिघडणार होतं? मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"आम्ही पुन्हा सुरू करत नाही," त्या म्हणाल्या. आणि मला, हळू आवाजात, "कठीणवर मी कधी खेळलेलेच नाही. तपासायचं असतं मशीन, आपल्याला नाही. बघू तरी काय करतंय ते."

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्यांच्या आवाजात असं काही होतं, एखाद्या मुलीला मोठ्या पाळण्यात बसायला मिळावं तसं, की माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, "निळी घ्या मग."

"आत्ता कशी शहाणी झालीस!"

वाळवंटात पहिलं विमान गेलं. काही इलाज नव्हता, मागून एक आलं आणि मागे बघायला दोघींपैकी कोणालाच डोळे नव्हते. विमान गेलं की निळ्या गोळ्याही जातात, पुन्हा सुरुवातीची फुसकी बंदूक. तिने कारखाने पार करायचे. सासूबाई मला नेत गेल्या एकेका चिमणीच्या नाकाशी, आणि मी इतकी जोरात दाबत होते की हॉलवाला म्हणाला, "वहिनी, बटण आत जाईल."

"जाऊ दे, बदलता येतं," सासूबाई म्हणाल्या.

बर्फात असताना मागे पिल्लू उठली.

ती आधी रडत नाही. आधी उभी राहते, मग एक पाय फोमच्या कडेवर टाकते. मला ते न बघता ऐकू येतं. माझी मान वळायला लागली.

"पडद्याकडे!" सासूबाई ओरडल्या.

"ती चढतेय!"

"अरे, उचल की तिला!" हे हॉलवाल्याला. त्याने उचललं. सवय असलेल्या माणसासारखं, एक हात खाली, एक पाठीवर. मी दाबता दाबता म्हटलं, "तुमच्या खिशाला पेन आहे, टोपण काढून ठेवा!"

"काय?"

"टोपण! ती गिळेल!"

"काढतो, काढतो, वहिनी, समोर बघा, समोर!"

पिल्लूला पडदा दिसला आणि ती तिच्या खेळाप्रमाणे ओरडली. आम्ही गोळ्यांच्या फटीतून निघालो होतो. तिला पाठ झालं होतं ते. हॉलवाला दचकला, मग त्याला कळलं, आणि पुढच्या फटीला तोही ओरडला.

ढगांत दुसरं विमान गेलं. एक उरलं. तीन बॉम्ब, फुसकी बंदूक, आणि काल आम्ही जिथे मेलो होतो ती जागा समोर. सासूबाईंचा श्वास मला ऐकू येत होता. जाडं विमान आलं, पेटी पडली. लाल, निळी, लाल. त्या थांबल्या. बाजूने चार येत होते. मी काही बोलले नाही. पेटी निळी झाली, त्यांनी घेतली, आणि माझ्या बोटाखाली बटण पुन्हा जड झालं. मानेवर आलं, मी पिवळं दाबलं. एक, दोन, पांढरं. पुढे गेलो. पुन्हा आलं, पुन्हा दाबलं. आता एकच बॉम्ब.

आणि ढग संपले. काळं आकाश.

  वरून किल्ला उतरायला लागला, लोखंडाचा, पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. हॉलवाला कुजबुजला, "इथेच बिघडतं. दारं उघडली की."

दारं उघडली.

फरश्या नव्हत्या. एकसुद्धा नव्हती. दारांमागे लाल तापलेली भट्टी होती, तिच्याभोवती गोल फिरणाऱ्या तोफा होत्या, तोफांच्या बुडाशी खिळे होते, आणि ते खिळेही मोजून घ्यावेत इतके साफ. मला वाटलं होतं की मी आनंदाने किंचाळेन. पण मी सासूबाईंकडे बघितलं, कारण दांडी थांबली होती.

त्या बघत होत्या. विमान चालवायचं विसरून नुसत्या चित्राकडे बघत होत्या. ज्या माणसाने चार दिवस हा एकच क्षण मनात धरला होता, तो माणूस खेळत नव्हता, आपलं काम तपासत होता. ओठ हलत होते, एकेक तोफ मोजल्यासारखे. आणि तोफांनी गोळ्यांचं एक पूर्ण कडं सोडलं. कुठेही फट नसलेलं. ते कडं उघडत आमच्याकडे येत होतं आणि आमचं विमान जागच्या जागी उभं होतं.

हाक मारायला वेळ नव्हता. शेवटचा बॉम्ब होता, आणि माझं पोट म्हणत होतं, ठेव, ठेव, पुढे लागेल. पण मानेवर आलं होतं. मी दाबलं.

एक.

"अगं, शेवटचा कशाला—" सासूबाई भानावर आल्या.

दोन.

कडं आमच्या पंखांना शिवून काचेपाशी आलं आणि पडदा पांढरा झाला. गोळ्या गेल्या. तोफांतल्या दोन गेल्या. भट्टी उघडी पडली.

"वर!" मी ओरडले. मी! "आई, वर चला, अगदी तोंडाशी, बटण मेलंय माझं इथून!"

"चल!" त्या म्हणाल्या आणि दांडी अशी पुढे ढकलली की आख्खं मशीन हललं. आम्ही भट्टीच्या तोंडात जाऊन उभ्या राहिलो. टरटरटरटर. माझं बोट मला जाणवत नव्हतं. डावीकडून तोफ फिरत आली, त्यांनी तिळाएवढी काच तिळाएवढी सरकवली, गोळी पंखातून गेली. पुन्हा आली, पुन्हा सरकवली. त्या मोठ्याने मोजत होत्या, मी मोठ्याने काहीतरी ओरडत होते, हॉलवाला "लागतंय, लागतंय, मावशी, भट्टी तडकली!" म्हणत होता, आणि पिल्लू त्याच्या कडेवर उड्या मारत होती.

भट्टी फुटली. किल्ला आधी मधून दुभंगला, मग कडांनी, मग सगळाच, आणि लाल विमान एकटंच त्या काळ्या आकाशात वर वर निघून गेलं.

 मग सासूबाईंनी दांडी सोडली, डाव्या हाताने माझं डोकं स्वतःकडे ओढलं आणि केसांवर पटकन ओठ टेकले. सहा वर्षांत पहिल्यांदा. लगेच सोडूनही दिलं.

"सही," त्या हॉलवाल्याला म्हणाल्या.

तो पडद्याकडे बघत होता. "मावशी, लहानपणी मला वाटायचं, किल्ल्याच्या आत काही नसतंच. बाबांनाही कधी इथवर जाता आलं नाही." त्याने पिल्लू माझ्याकडे दिली. मी आधी तिचं तोंड उघडून बघितलं, मग तिला कडेवर घेतलं. त्याने कागदावर सही केली आणि दाराकडे जाऊन टेम्पोवाल्याला हाक मारली, "अरे, ते खोकं उतरवू नकोस! परत जाणार आहे ते. मशीन तेवढं चढवायचंय, आहे तसंच."

"आहे तसंच म्हणजे, स्विच सोपे करून," मी म्हटलं. "नाहीतर तुमची गिऱ्हाइकं पळून जातील."

"कठीणवर होतं हे?"

"सगळ्यात," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाल्या, "सूनबाईंनी मुद्दाम ठेवलं होतं. शेवटची तपासणी कठीणवरच करायची असते."

 आता बहुतेक तोही नियम झाला.

तेवढ्यात मशीनमधून ओळखीचं संगीत वाजलं. किल्ला फुटला की हा खेळ संपत नाही, पुन्हा समुद्रापासून सुरू होतो, आणि आणखी वेगाने. तेच एक विमान, तळाशी उभं, आणि वरून बोटी यायला लागलेल्या.

"झालं ना आता? बंद करा, माणसं बाहेर थांबलीत," हॉलवाला म्हणाला. पण म्हणता म्हणता तोच पाटीजवळ आला होता आणि त्याचा हात दांडीवर होता. "वहिनी, तुम्ही एकदा बटण... नुसतं एकदा."

"एका हाताने दाबेन, दुसऱ्या हातात ही आहे," मी म्हटलं.

"चालेल."

"तळाशी बसू नका. वर चला!"

त्याने विमान सरळ पहिल्या बोटीवर नेऊन आदळलं. पडद्यावर 'खेळ संपला' आलं. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अरे, नाकाशी जायचं असतं, नाकात नाही." तो खो खो हसला, आणि बाहेर टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला तरी त्याने खिशातून नाणं काढलं.